शेपटाकडचं पत्र

“बाबा, माझं एक पत्रही पुसायचं नाही हं!” सहा वर्षांपूर्वी म्वान्झाच्या धक्क्यावरून निघताना शिजा ओरडला होता. पुढे तो दूरच्या समुद्रात जहाजावर लागला, आणि त्याच्या वडिलांनी, मादुहू गुरुजींनी, त्याचं पत्रन् पत्र, फोटोन् फोटो पाखरानं दाणे टिपावेत तसं लॅपटॉपमध्ये साठवलं. साठवता साठवता ईमेलची फाइल फुगली आणि परवा उघडेनाशीच झाली.

“गुरुजी, सुक्या मासळीचं पोतं ठासून भरलंत, शिवण उसवली,” दुरुस्तीवाला न्क्वाबी म्हणाला. “फाइल शेपटाकडून थोडी कापली, तरच बाकीची उघडेल. सगळ्यात शेवटी आलेलं तेवढं जाईल.”

“शाळेतही तू असाच. गणित सुटेना की पान फाडायचास! अरे, शेवटचंच तर मी वाचलं नाही. परवा आमची काबुला म्हणाली, ‘बाबा, पत्र आलं.’ मी चष्मा शोधून येईतो हे बंद.”

“मग बाकीची पत्रं?”

“राहू देत मिटलेली. आत त्याचं एक न वाचलेलं पत्र आहे, एवढ्यावर मी दिवस काढीन.” गुरुजींनी लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

सोबत आलेल्या लेकीनं, काबुलानं, तो त्यांच्या हातून हलकेच सोडवला आणि न्क्वाबीपुढं ठेवला.

“काप, दादा.” मग ती वडिलांकडे वळली. “तुम्ही चष्मा शोधत होतात, तेव्हा मी वाचलं ते, बाबा. शिजाचं नव्हतं. त्याच्या कप्तानाचं होतं.”