हौसाबाईचा खुंट

"वहिनी, उतर खाली. खुंट मारायला बाईमानूस येत न्हाय," दगडू तांडेल ओरडला.

"मंग आज आली म्हन," असं म्हणून हौसाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि होडीत मधोमध बैठक मारली. बसली ती बसलीच. दगडू तिचा दीर, बंदरावरचा सगळ्यात जुना तांडेल, होडीवरचा म्होरक्या. पण वहिनीपुढं त्याचं कधी काही चाललंय? त्यानं शिवी गिळली आणि होडी हाकारली; मागनं गड्यांनी भरलेली दुसरी होडी निघाली.

समोर कंपनीचं जहाज उभं होतं. लाल-पांढरं, परदेशी, थेट गावावर नजर ठेवून असल्यागत. दर्याच्या पोटात गॅस आहे म्हणे. तो शोधायला हे लोक पाण्याखाली बार उडवणार. गेल्या महिन्यात पलीकडच्या अंगाला उडवले, तर आठ दिवस जाळ्यात शेवाळाशिवाय काही आलं नाही. आता पाळी इकडची. पण इकडं कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट रांगेनं रोवलेले, जहाज शिरणार कुठून? वाट होती ती एकच. रांगेतला शेवटचा खुंट हौसाबाईचा, तो श्रावणातल्या वादळात मोडला. त्याच्यापलीकडं थेट खडक. मधल्या मोकळ्या पाण्यातून जहाज आज दुपारी आत येणार होतं.

आणि कंपनीनं घरी येऊन विचारलं तेव्हा त्या जागेवर 'सध्या काही नाही' असं लिहून कोणी दिलं? तिच्याच लेकानं, बबननं! अंधेरीच्या ऑफिसात जाणाऱ्या शहाण्यानं! वर विचारतो, "आई, खोटं काय लिहिलं मी?" अरे, खुंट मोडला तरी जागा घराण्याचीच राहते, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागावं? हौसाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आज ऑफिसची पँट घातलेल्या बबनला तिनं तसंच दंडाला धरून होडीत घातलं होतं.

ओहोटी संपून भरती लागायच्या मध्ये पाणी जरा थबकतं. तेवढ्यात खुंट बसला तर बसला. दोन होड्यांच्या मधे लांबलचक खुंट उभा केला, त्याला दोर आवळले, आणि बबन धरून वीस गड्यांनी एका दमात दोरावर अंग टाकलं. खुंट दोन हात रुतला आणि अडला. पुन्हा जोर लावला. तरी जागचा हलेना. खुंटाभोवतीचा फेस हळूहळू किनाऱ्याकडं सरकायला लागला.

"पानी फिरलं," दगडू म्हणाला. "सोडा रे. उद्या बघू."

"उद्या काय बघतोस? उद्या जहाज आपल्या डोक्यावरनं गेलेलं असंल." हौसाबाई उठली. "सरका बाजूला. माज्या वजनाला सगळे हसता ना? आज कामाला येऊ दे."

"वहिनी, बाईनं हात लावला तर..."

"भावजी, गप."

तिनं दोर धरला, हाताला त्याचा वेढा दिला आणि होडीच्या काठावरून खुशाल अंग सोडून दिलं. बबननं चष्मा खिशात कोंबला आणि आईच्या शेजारी लटकला. मागून बाकीच्यांनी जीव खाऊन ओढ घेतली. खुंट भसकन खाली गेला आणि चिखलात पक्का बसला. हौसाबाई कंबरेपर्यंत भिजली, तळवे सोलवटले, पण तिच्या तोंडावर असा आनंद होता की दगडूसुद्धा हसला.

तेवढ्यात कंपनीची लाँच भर्रकन आली. तिच्यात नारिंगी जाकीट घातलेला स्वप्नील. राहायला शहरात, बेव्हर्ली पार्कच्या उंच इमारतीत. गावकऱ्यांशी मराठीत बोलायला कंपनीनं ठेवलेला.

"मावशी, हे काय चाललंय? आमच्या नकाशात इथे काहीच नाहीये. रूट क्लिअर आहे म्हणून बबनभाऊंनी स्वतः लिहून दिलंय!"

सगळ्यांनी बबनकडं पाहिलं. त्यानं ओला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"तेव्हा नव्हतं. आता आहे," तो म्हणाला. "तेपण लिहून देऊ का?"

स्वप्नील वैतागला. "अहो, लाकूडच आहे ना ते! काढून टाकावं लागेल."

"काढ की," हौसाबाई म्हणाली. "आमी एकवीस जनांनी मारलाय. तू किती आनलेस?"

स्वप्नीलनं मागं वळून पाहिलं. लाँचमध्ये तो आणि ड्रायव्हर, दोघंच होते.

"बबन, होडीतलं जाळं बांध," हौसाबाईनं सांगितलं.

बबननं शेजारच्या खुंटापासून नव्या खुंटापर्यंत ते बांधलं. भरतीचा पहिला लोंढा आत शिरला, आणि जाळ्यानं जहाजाच्या दिशेनं आपलं तोंड उघडलं.