गव्हर्नरची बहीण

गव्हर्नरच्या निवडणुकीची मतमोजणी अर्ध्यावर आली होती. शाळेच्या ओट्यावर निवडणुकीची बाई एकेक मतपत्रिका उलगडून दाखवत होती, नाव पुकारत होती, आणि ओबुकिरी गावची माणसं दर नावाला आरोळी ठोकत होती. गव्हर्नर सोकारीचं नाव क्वचितच निघत होतं. गेल्या खेपेला ह्याच गावानं त्याला खांद्यावर नाचवलं होतं, तो इथलाच. आता तो पुन्हा उभा होता आणि त्याचंच गाव त्याला पाडत होतं.

खाडीतून मोटरबोटीचा आवाज आला, तशी आरोळी घशातच राहिली.

पाच पोरं चिखलात उतरली. पहिली गोळी आंब्याच्या खोडात घुसली. दुसरी ओट्याशी उभ्या पोलिसाच्या पायाजवळ मातीत घुसली आणि तो बंदूक टाकून खारफुटीत पळाला. माणसं एकमेकांना तुडवत सुटली. निवडणुकीच्या बाईनं सगळ्या मतपत्रिका पेटीत कोंबल्या आणि ती बाकाखाली शिरली. विरोधी पक्षाचा इगोनी तेवढा पेटीला कवटाळून बसला. एकानं कोयता चालवला. इगोनीची दोन बोटं ओट्यावर पडली. तो किंचाळत बाजूला लोळला.

मग पेटीवर इबिनाबो येऊन बसली. म्हातारी, जाडजूड, डोक्याला निळं फडकं. गव्हर्नरची थोरली बहीण. आई गेली तेव्हा सोकारी रांगत होता. त्याला हिनंच भरवलं, वाढवलं.

टोळीचा म्होरक्या दावारी तिला ओळखत होता.

"मावशी, ऊठ. तुझ्याच भावाचं काम आहे."

"माझ्या भावाला मी मत दिलंय," ती म्हणाली. "तेही ह्यातच आहे."

"मग त्याला सगळीच मिळतील. ऊठ ना."

"त्यानं सांगितलंय? त्याच्या तोंडून ऐकव."

पोरं हसली. दावारी मात्र हसला नाही. गव्हर्नरच्या बहिणीला हात लावायचा तर आधी विचारलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं. त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. दोन माणसांच्या हातून फिरून फोन गव्हर्नरकडे गेला.

"साहेब, तुमच्या ताई पेटीवर बसल्यात. उठत नाहीत."

"सोकारी, मी बोलतेय," इबिनाबो म्हणाली. "ह्या पोरांना परत बोलव. इगोनीची बोटं तोडलीत रे ह्यांनी. आपला इगोनी."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. तिला वाटलं, तो ऐकतोय. लहानपणी रागावलं की असाच गप्प व्हायचा.

"ताई, तू घरी जा," आवाज आला. मग तोच आवाज जरा दूर गेला. "दावारी, मला पेटी पाहिजे. मधे कोण बसलंय ते मला सांगत बसू नकोस."

फोन बंद झाला.

इबिनाबो उठली नाही. उठायचं तिला सुचलंच नाही. दावारीनं बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज बाकाखालच्या बाईलाही ऐकू गेला. इबिनाबो एका कुशीवर कलंडली. पेटी ओढून पोरं बोटीकडे धावली.

सगळ्यात मागे दावारी होता. धक्क्याच्या शेवाळावर त्याचा पाय सटकला आणि तो खाली आपटला. बंदूक पाण्यात गेली. बोटीतल्यांनी एकदा वळून पाहिलं. तेवढ्यात घरांच्या आडून माणसं वल्ही घेऊन बाहेर आली होती. बोटीची मोटर गुरगुरली आणि बोट निघून गेली.

गावानं दावारीला वल्ह्यांनी झोडपलं. आधी तो शिव्या देत होता, मग गयावया करायला लागला, मग नुसता कण्हत राहिला. कुणीतरी गाडीचं जुनं टायर आणून त्याच्या गळ्यात घातलं. इगोनी हाताला सदरा गुंडाळून आला, तो दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा घेऊनच. त्यानं डबा वाकडा केला. दावारीच्या छातीवर पेट्रोलचा ओघळ उतरला.

"थांब."

इबिनाबो लटकता हात दुसऱ्या हातानं धरून गर्दीतून येत होती. लोकांनी वाट दिली. ती दावारीच्या अंगाला लागून चिखलात बसली. तिच्या कमरेला गुंडाळलेल्या लुंगीला पेट्रोल लागलं.

"बाजूला हो, इबिनाबो," इगोनी म्हणाला. "हा खांदा कुणी मोडला तुझा?"

"ह्यानं."

"मग?"

"ह्याला पाठवणारा माझ्या हातचं जेवून मोठा झालाय. फोनवर तू ऐकलंस ना त्याला? मग ह्या भाडोत्री पोराला काय जाळताय?"

"मग कुणाला जाळू?" इगोनी ओरडला. त्याच्या सदऱ्यातून रक्त ठिबकत होतं. "तो तिथं राजधानीत बसलाय! त्याच्यापर्यंत पोचतो का माझा हात? सांग, कुणाला जाळू?"

गर्दीतून कुणीतरी काडी ओढली. वाऱ्यानं ती विझली. दुसरी ओढली.

इबिनाबोनं चढणीकडे पाहिलं. तिथं तिचं घर होतं, गावातलं एकुलतं एक दुमजली. निवडून आल्यावर भावानं बांधून दिलेलं. तिनं चांगल्या हातानं लुंगीच्या टोकाची, कमरेला खोचलेली गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढून सोडली. घराची किल्ली निघाली. ती तिनं इगोनीपुढे धरली.

इगोनी किल्लीकडे बघतच राहिला. काडीवाला पुढे आला होता, तोही थबकला.

"मागच्या पडवीत कोंबड्या कोंडल्यात," ती म्हणाली. "आधी त्या सोड."