तांदळातलं नाव

मराठीत टाइप करायचं एक मोफत ॲप आम्ही काही जण बिनपगारी चालवतो. खाती उघडणं, बंद करणं, कुणाचा मेल कुठं वळवायचा, हे माझ्याकडं. चार वर्षं सोबत काम केलेल्या पुसेगावच्या वैष्णवीचा लग्नानंतर वसमतहून अर्ज आला. सासरी तांदळात लिहिलेलं 'राधिका' हे नाव खात्याला द्यावं, मेल नवऱ्याच्या पत्त्यावर वळवावेत आणि 'वैष्णवी' बंद करावं.

नियमाप्रमाणं मी खात्री करायला फोन केला. फोन स्पीकरवर होता, घरातली भांडी वाजलेली ऐकू येत होती.

"अर्ज तुमीच केला का, ताई?"

"व्हय."

"जुनं नाव राहू द्या की. त्या नावानं आलेले मेलबी तुमाला मिळतील."

"हां, राहू द्या मंग..."

"काहून?" मागून पुरुषाचा आवाज आला. "त्या नावानं आता कोण लिहिणार हाय?"

भांडी वाजायची थांबली.

"बंद करा, दादा."

"एकदा बंद केलं की ते नाव परत कुणालाच मिळत न्हाई, ताई. तुमालाबी न्हाई."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तो नियम मीच तर लिहिलाय."