कुंदाचं दार

माहेरून परतलेल्या कुंदा मेस्त्रीला तिच्याच घराच्या दारानं सांगितलं, "आपली ओळख पटत नाही."

नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले होते. ती गावात नाही असं बघून दिरानं, भालचंद्रानं, दाराच्या स्मृतीतून तिचा चेहरा पुसून टाकला होता. कुंदा पायरीवर मटकन बसली. शेजारची फिलोमिना धावत आली.

"रडत काय बसलीस? ग्रामपंचायतीत वकीलबाई बसतात. बाईमाणसाकडून पैसा घेत नाहीत. ऊठ, चल!"

वकील रेहाना काझींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "राहत्या घरातून तुम्हाला असं कुणी बाहेर काढू शकत नाही," त्या म्हणाल्या. "दार घरच्यांचं ऐकतं, पण त्याआधी त्याला कोर्टाचं ऐकावं लागतं." त्यांनी तिथूनच अर्ज केला, पडद्यावर कुंदाला न्यायाधीशांशी बोलायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत हुकूम हातात पडला.

अंगणात भालचंद्र आडवा आला. "घर माझ्या भावाचं आहे!"

"आणि संसार यांचा," वकीलबाई म्हणाल्या. "कुंदाताई, दाराला हुकूम तुम्हीच वाचून दाखवा."

पहिल्या ओळीला कुंदाचा आवाज कापला. दुसरीपासून तो अंगणभर ऐकू गेला. खट्कन कुलूप सुटलं.

"या, कुंदाताई," दार म्हणालं. "भालचंद्र मेस्त्रींना यापुढे थेट आत सोडायचं का?"

कुंदानं दिराकडे सरळ पाहिलं.

"नको. भावजींनी बेल वाजवावी. उघडायचं की नाही, ते मी बघेन."