सीटखालचं नेट

कल्पना करा बाळांनो, मोबाइलवर बुद्धिबळाचा अंतिम डाव रंगलाय, जिंकायला दोनच चाली उरल्यात, आणि धावत्या गाडीत तुमचं नेट गेलं! चिमीचं अगदी तसंच झालं.

“काका, तुमचं नेट द्या ना, पटकन!”

“माझ्याकडे कुठलं आलंय गं? बाहेरची झाडं बघ,” गाडी चालवता चालवता काका म्हणाले.

चिमी हरली. उतरताना बूट शोधायला वाकली, तर काकांच्या सीटखाली चिकटपट्टीने डकवलेली हॉटस्पॉटची डबी लुकलुकत होती. पासवर्डही तिच्यावरच छापलेला.



चिमी काकांना नावं ठेवत बसली नाही. तिने त्यांच्या नेटलाच नवं नाव ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या ऑफिसखाली गाडी लागताच ते सगळ्यांच्या मोबाइलवर झळकलं: ‘पुतणीपासून लपवलेलं नेट; या, वापरा!’