पूजा केलेली चेन

शर्यतीसाठी सर्जेरावनं वडिलांच्या वडापच्या जीपला, इंजिन जोरात पळावं म्हणून, रेसिंगचा कॅमशाफ्ट आणला. "हा फिरवायला साधी टायमिंग चेन टिकायची नाही, दुपदरी घे," गॅरेजवाले दिनकरमामा म्हणाले. त्यानं दुपदरीच निवडली. वडील एवढंच म्हणाले, "सोमवारी पॅसेंजर भरायचेत मला."

आईनं नवी तेलकट चेन देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू आणि मूठभर अक्षता वाहिल्या.

"वहिनी, धुऊन बसवतो," मामा म्हणाले.

"देवाचं धुतात व्हय? तशीच बसवा!"

मामांनी हात जोडले आणि तशीच बसवली.

शर्यतीत पहिल्याच चढावर जीप किंचाळून थांबली. इंजिन उघडलं तर तेलाच्या वाटेत तांदूळ अडकलेले, तेल न पोचल्यानं आत सगळं जळालेलं. "चेन मात्र झकास आहे," मामा पुटपुटले.

"देवानं माझ्या लेकराला वाचवलं," आई म्हणाली.

बॉनेट हळूच लावून वडील चालतच घरी निघाले.