सयाजीची तार

ड्रोन तारेला लटकला तेव्हा दिशाच्या हातातला रिमोट नुसता पीं पीं करत होता. निम्मा ऊस फवारून झाला होता. वर बघावं तर सहा पंख्यांचं ते धूड एका तारेत पाय अडकवून उलटं लोंबतंय आणि टाकीतलं औषध टपाटपा खाली गळतंय.

"काका, सकाळी मी इचारलं व्हतं तुमाला. रानावरनं तार गेलीय का म्हणून. तुमी न्हाई म्हणाला."

"आपली न्हाईच ती," गेणभाऊ म्हणाले. "सयाजीची हाय."

आता काय बोलावं या माणसाला! चार तारा त्यांच्याच उसावरून गेलेल्या. लाईटीची डीपी सयाजीच्या गोठ्यापाशी, सयाजीची विहीर पलीकडं ओढ्याला, मधे गेणभाऊंचा ऊस. दोन्हीकडचे खांब बाभळीत झाकलेले, त्यामुळं लोणीहून आलेल्या पोरीला कळायचं कसं? बांधावरून भांडण झालं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गेणभाऊ सयाजीच्या तोंडाकडं बघत नव्हते, मग त्याच्या तारेकडं कशाला बघतील.

दिशाला रडू फुटायच्या बेतात होतं. ड्रोन तिच्या एकटीचा नव्हता, बचत गटातल्या दहा जणींचा होता. तिनं वायरमनला फोन लावला. तो जुन्नरला होता. "तासाभरात येतो. तवर कुणी हात लावू नका," म्हणाला.

गेणभाऊंना तासभर कुठला दम निघतोय! पोरीचं नुकसान आपल्या एका शब्दानं झालं, हे त्यांना आत कुठंतरी टोचत होतं. चूक झाली म्हणण्यापेक्षा ट्रॅक्टर चालू करणं सोपं. त्यांनी तो बांधाबांधानं आणून ड्रोनखाली उभा केला, बेटातला ओला बांबू तोडला आणि बॉनेटवर चढले.

"काका, उतरा! करंट असंल तारंत."

"कशाचा करंट? ह्या आठवड्याला लाईट रातची. दिवसा तारा मेलेल्या असत्यात. हयात गेली माझी ह्याच्यात."

हयात गेली हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी सोलर पंप बसवला आणि लाईटीच्या पाळ्या बघणं त्यांनी सोडून दिलं. बिबट्यामुळं रात्रीचं पाणी धरायला कुणी धजेना, लोकांनी ओरड केली आणि सोमवारपासून लाईट दिवसा झाली. गावाच्या ग्रुपवर तसं आलंही होतं. ग्रुपचा ॲडमिन सयाजी, म्हणून गेणभाऊ ग्रुपमधून कधीच बाहेर पडलेले.

तुकाबाई जेवणाचं फडकं घेऊन रानात आल्या आणि नवऱ्याला बॉनेटवर बघून त्यांनी फडकं तिथंच टाकलं.

"अवो, सयाजीभावजींना फोन करा. डीपी पाडून लाईट तोडतील."

"मी? त्याला? मेलो तरी करणार न्हाई."

"मरायलाच तर निघालाय," तुकाबाई म्हणाल्या आणि दिशाला नंबर सांगायला लागल्या. दहाच्या दहा आकडे तोंडपाठ. गेणभाऊ बांबू धरून बघतच राहिले.

"काय बघताय? उज्ज्वलाचा आन् त्यांचा, नवराबायकोचा एकच फोन हाय. आमी बायका बोलतो."

फोन सयाजीनंच उचलला. दिशानं सगळं सांगितलं.

"गेणभाऊंच्या रानात व्हय?" सयाजी म्हणाला. "मग त्यांना बोलाय सांगा की."

"ते ट्रॅक्टरवर चढल्यात, भाऊ. हातात वला बांबू हाय."

पलीकडं फोन कुठंतरी आपटला, आणि मग नुसती गाय हंबरलेली ऐकू आली.

गेणभाऊंनी बांबू वर केला. गळत्या औषधानं तो निसटायला लागला, तसा त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि पुन्हा नेट लावला. तुकाबाईंनी खालून त्यांचा पाय धरला. "सोड गं," ते ओरडले. तार आता दोन हात राहिली होती.

सकाळपासून ओढ्याकडं सयाजीच्या मोटारीचं पाणी हौदात पडत होतं. कान असून कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. ते एकाएकी बंद पडलं.

गेणभाऊंचा बांबू तिथंच थांबला.

"मोटार चालू व्हती?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बांबू हळूच खाली सोडला. बॉनेट तापलेलं होतं तरी ते त्याच्यावरच बसले. तुकाबाईंनी पाय सोडला नव्हता.

जरा वेळानं उसातून सयाजी बाहेर आला. पाचटानं तोंड ओरबाडलेलं, एका पायात चप्पल नाही. धाप एवढी लागलेली की बोलता येईना. त्यानं मूठ उघडली. डीपीतले तीन फ्यूज होते, चिनीमातीचे, पांढरे. ते त्यानं गेणभाऊंच्या ओंजळीत ठेवले.

"तुमच्यापाशी... ऱ्हाऊ द्या. म्हंजे माघारी कुणी बसवाय नको. काम झालं की द्या."

"पाळी कवा बदलली?"

"सोमवारी. ग्रुपवर टाकलं व्हतं मी."

गेणभाऊंनी फ्यूज बंडीच्या खिशात घातले, वरनं बटण लावलं, आणि लावलंय का ते पुन्हा चाचपून बघितलं. मग दिशाकडं वळले.

"पोरी, तू सकाळी इचारलं व्हतंस ना, रानावरनं तार गेलीय का?"

"व्हय, काका."

"गेलीय. चार हायेत."